वसईच्या व्यापारातील मालाची जुनी नावे

वसईच्या व्यापारातील मालाची जुनी नावे : पोर्तुगीज दप्तरांत आढळणारी धान्ये, फळे, औषधी द्रव्ये इत्यादींची नावे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. सांडोर व आसपासची गावे या काळात पोर्तुगीज अमलाखाली होती. तेथील मालाची नावे लेखनिकांनी कानावर पडली तशी रोमन लिपीत उतरविली; काही वेळा त्यांना यूरोपीय नावेही दिली. त्यामुळे ती वाचताना ध्वनिसाम्याबरोबरच माप, वर्णन व स्थळ यांचाही विचार करावा लागतो.

आंतोनियू नूनिश याच्या वजने-मापांवरील ग्रंथात (१५५४) वसईतील ‘बाते’चा एक ‘मुरा’ तीन खंडींचा असल्याचे म्हटले आहे. बाते म्हणजे सालीसह असलेले भात. ते सडल्यावर दीड खंडीहून थोडा अधिक तांदूळ मिळतो, असा खुलासाही तेथे आहे. ‘मुरा’ हा मराठी ‘मुडा’, म्हणजे पेंढ्यात बांधलेला धान्याचा गठ्ठा होय. ‘बाते’चा अर्थ तांदूळ असा घेतल्यास उत्पन्न वा सारा यांचा आकडा प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट धरला जाईल.

परिचित वाटणारी नावे अधिक फसवी असतात. ‘फिगो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये अंजीर. परंतु हिंदुस्थानविषयक लेखनात ते पुष्कळदा केळ्याचे नाव आहे. वसई भागात केळीच्या बागा असल्याने येथे हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ‘देशी केशर’ अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव हळदीचे आहे. ‘पुचो’ हा शब्द मलायी. गार्सिया द ओर्ता याने गोव्यात छापलेल्या ग्रंथात (१५६३) त्याची अरबी व गुजराती नावे एकत्र दिल्याने ते द्रव्य कोष्ठ अथवा उपलेट असल्याचे ठरविता येते.

हा प्रश्न केवळ वसईपुरता नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘ब्राझील’ म्हणजे पतंगाचे रंगद्रव्ययुक्त लाकूड. दक्षिण अमेरिकेतील देशाला ते नाव नंतर मिळाले.

यूल व बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) आणि सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दकोश (१९१९–२१) ही या अभ्यासाची प्रमुख साधने होत. तथापि खंडीसारखी मापे स्थळपरत्वे बदलत असल्याने कोशातील अर्थ मूळ नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.