घामेजणारा माठ

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गच्चीवरची वांगी भरल्या माठाशेजारी सुकली. वाफ्याच्या मधोमध माठ पुरून, तोंडापर्यंत भरून मी दोन दिवस गावाला गेलो होतो. परतलो तर पाणी जिथल्या तिथं आणि रोपांनी माना टाकलेल्या. माणदेशातला एक ओळखीचा हे ऐकून हसला. ‘आमच्या चुलतीकडं चला. ती चार दिवसांनी एकदा पाणी घालते.’

माण तालुका पर्जन्यछायेतला. मी गेलो तेव्हा एप्रिलचं ऊन होतं आणि वस्तीवर टँकरची वाट पाहणं चाललं होतं. त्याच्या चुलतीच्या, मी त्यांना मावशी म्हणू लागलो, परड्यात मात्र दोडका, कारली, भोपळा हिरवेगार. अकरा माठ गळ्यापर्यंत पुरलेले, प्रत्येकाच्या तोंडावर झाकणी. झाकणी नसली की पाणी उडून जातं आणि डास होतात.

पुरण्याची रीत साधी. खड्डा करायचा, १०-१२ लिटरचा माठ बसवायचा, शेणखत मिसळलेली माती भोवती दाबायची आणि वीतभर अंतरावर बिया टोकायच्या. रोपं मुळं धरेपर्यंत वरून तांब्यानं पाणी. मग चार दिवसांनी एकदा माठ भरायचा.

‘खोटं वाटतंय?’ म्हणत मावशींनी खुरप्यानं एका माठाच्या कडेची माती उकरली. वळवाच्या पहिल्या सरीसारखा वास आला. वरची माती फुफाट्यासारखी कोरडी, आत हात घातला तर माठाचं अंग घामेजलेलं. त्याला पांढऱ्या मुळ्या चिकटलेल्या, तान्हं पोर आईला बिलगावं तशा. भोवतालची माती सुकली की ती माठातलं पाणी ओढते, ओली असली की ओढ मंदावते. किती द्यायचं ते माणसाला ठरवावं लागत नाही. चीनमध्ये फान शेंगझीनं दोन हजार वर्षांपूर्वी शेतीच्या ग्रंथात वेलांमध्ये माठ पुरण्याची हीच युक्ती नोंदवली आहे.

पुतण्यानं कोपऱ्यात सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. चाकी फिरवून थेंब लावायचा. बाटल्यांत शेवाळ धरलेलं, दोन नळ्या तुंबलेल्या. झाकणाला भोक पाडून उलटी खोचलेली बाटली तर तासाभरात रिकामी होते, असं तोच म्हणाला. फुकट मिळतात एवढंच त्यांचं कौतुक.

माझ्या माठाचं मी सांगितलं. मावशींनी एकच विचारलं, ‘रंगवलेला हुता का?’

होता. वारली चित्रं काढलेला, बाहेरून ऑइल पेंट मारलेला.

‘मग त्यो कसा पाझरंल? ज्यो माठ पानी गार करतो, त्योच झाड जगवतो.’

कुंभार मातीत लीद आणि राख मिसळतो. भट्टीत लीद जळते आणि बारीक छिद्रं राहतात. त्यातूनच पाणी बाहेर येतं आणि माठ गार होतो. क्षारांनी ती बुजली की माठ गार करेनासा होतो. लोक असला जुना माठ झाडाला देतात. मावशी तो आधी काथ्यानं घासतात, रात्रभर भरून ठेवतात. सकाळी अंग ओलं दिसलं तरच पुरायचा, नाहीतर त्यात कोंबड्यांचे दाणे.

एकरभर भाजीला हे जमणार नाही, मावशीच म्हणाल्या. चार दिवसांनी अकरा माठ भरायचे म्हणजे अकरा घागरी. पाणी वाचतं हे खरं, ते वाहणारी कंबर मात्र तीच.

पुण्यात परतल्यावर कुंभाराच्या दुकानात तीन माठ भरून ठेवायला लावले आणि स्टुलावर बसून राहिलो. तासाभरानं एकाच्या पोटावर ओल उमटली. दुकानदार ओशाळला. ‘हा जरा जास्तच पाझरतोय, दुसरा देतो.’

तोच उचलला. गच्चीवर तो तीनच दिवस पुरतो. चौथ्या दिवसाचं मी मावशींना अजून कळवलेलं नाही.