थंडी, तीळ आणि पाळी जाण्याचं वय

संक्रांत जवळ आली. गटाच्या बैठकीत तिळाचे भाव निघतायत, आणि बैठक संपता संपता दुसराही एक विषय हळू आवाजात निघतोय. "चाळिशी झाली, पाळीचा काही मेळ राहिला नाही. पिशवी काढून टाकली म्हणजे सुटेन का हो मी?" आज या दोन्हींबद्दल बोलू. तिळाचा आणि पिशवीचा एकमेकांशी संबंध आहे, तो आपल्या हाडांतून जातो.

पाळी एका दिवसात जात नाही. आपल्याकडे बहुतेकींची पाळी 45 ते 50 च्या आसपास थांबते, पण त्याआधी तीन-चार वर्षं ती मागंपुढं होते. कधी दोन महिने चुकते, कधी लवकर येते. सलग 12 महिने आली नाही की ती गेली असं समजायचं. या काळात अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होत जातं. त्यामुळं मधेच छातीपासून कानापर्यंत गरम वाफ चढते, घाम फुटतो, झोप मोडते, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं. घरातले म्हणतात, "हिला झालंय तरी काय?"

थंडीत तर हे फारच विचित्र वाटतं. रात्री घाम आला की वाकळ फेकून द्यायची आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरायची. अशा वेळी एका जाड वाकळेऐवजी दोन पातळ गोधड्या घ्या, म्हणजे वरची तेवढी सारता येते. अंगात सुती कपडा असावा, उशाशी पाण्याचा तांब्या असावा. रात्रीचं झणझणीत जेवण आणि झोपण्याआधीचा चहा कमी करून बघा. मिश्री मात्र सोडाच. तंबाखूनं वाफाही वाढतात आणि हाडंही झिजतात. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मला माहीत आहे.

आता हाडांचं बघा. संप्रेरक कमी झालं की पहिल्या काही वर्षांत हाडांतलं कॅल्शियम भराभर कमी होतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि एवढ्याशानं मनगट मोडतं. बाईला दिवसाला 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर 1200. पेलाभर दुधातून 240 च्या आसपास मिळतं, पण दूध डेअरीला जातं आणि घरात उरतं चहापुरतं. म्हणून तीळ आणि नाचणी. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तेवढ्याच तिळात 1200 च्या वर. पण तीळ काही कुणी मूठमूठभर खात नाही. रोज एक मोठा चमचा पुरे, तोही भाजून कुटलेला. अख्खे तीळ बरेचसे तसेच बाहेर पडतात.

भोगीला आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो, वांगी, पावटा, गाजर, हरभरा घालून भाजी करतो. एवढं चांगलं जेवण, आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ वाटला की तिळाचा डबा जातो फळीवर, तो पुढच्या वर्षापर्यंत! माझ्या घरी तिळाची चटणी थंडीभर असते. वाटीभर तीळ खमंग भाजायचे, थोडं सुकं खोबरं भाजायचं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. दुसरी माझी आवडती नाचणीची आंबील. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. आंबवल्यामुळं त्यातलं सत्त्व अंगाला जास्त लागतं. अळिवाचे लाडूही करा. अळीव बाळंतिणीनंच खायचा असं थोडंच आहे? त्यात लोह भरपूर असतं, आणि पाळी जास्त जाते त्या बाईला लोहच हवं असतं. शुगर असेल तिनं मात्र गूळ जपून. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगाला लागत नाही. तासभर थांबा.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. सकाळचं कोवळं ऊन बरं वाटतं, पण हाडांना लागणारं डी जीवनसत्त्व तयार होतं ते वर आलेल्या उन्हात, अकरा ते दोनच्या दरम्यान. तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर रानातच असतो. असतो, पण डोक्यावरून पदर, तोंडाला रुमाल, लुगड्यावर मालकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. थंडीत अर्धा तास तरी बाह्या वर सारा.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका, लघवीला जळजळ होते. खोकताना लघवी सुटत असेल तर लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापतानाही होतं, कुणाला कळत नाही.

आता पिशवी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बाया सध्या फडात आहेत. तिथं ना आडोसा, ना पाणी, आणि खाडा झाला की पैसे कापतात. म्हणून पाळीच नको असं वाटू लागतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ होत्या.

पिशवी काढावी लागते, नाही असं नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, अंग बाहेर येत असेल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर काढावीच. पण अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून कुणी "काढून टाका" म्हणत असेल तर थांबा. ते बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं, गोळ्यांनी बरं होतं. कधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. लहान गाठी पाळी गेल्यावर बऱ्याचदा आपोआप आकसतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी एका दिवसात जाते. पस्तिशीत असं झालं तर पन्नाशीत सुरू होणारी हाडांची झीज पंधरा वर्षं आधीच सुरू होते. तिथं चमचाभर तीळ पुरे पडत नाहीत. अंडाशय ठेवले तरी पाळीचं वय थोडं अलीकडं येऊ शकतं.

"ठेवली तर कॅन्सर होईल" ही भीती असेल तर तपासणी करून घ्या. तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची, स्तनांची, बीपीची आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना दिवस विचारा. मात्र पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा तासातासाला कपडा बदलावा लागत असेल, तरीही.

आमच्या गटांत पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा आम्ही तीन गोष्टी विचारतो. सोनोग्राफीचा कागद आहे का, आधी कोणतं औषध किती दिवस घेतलं, आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत काय. एकीनं विचारलं होतं, "माझ्या पिशवीशी गटाला काय करायचंय?" तिचं बरोबर होतं, निर्णय तिचाच. अर्ज आम्ही नाकारत नाही. आधी गाडीभाड्याला आणि तपासणीला पैसे देतो, आणि आमच्यातली एक जण तिच्यासोबत दवाखान्यात जाते. आत गेल्यावर तिथं विचारायचं: औषधानं भागेल का, आणि काढायचीच झाली तर अंडाशय ठेवणार ना?