घरचीं यंत्रें आणि विक्रीमागची चाकरी

शेतकऱ्याच्या पडवींत व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल व वेल्डिंगचें यंत्र मांडलेलें असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. कुळवाची फास सैल झाली अथवा ट्रॉलीचा सांधा उकलला, तर तालुक्याची वाट न धरतां काम घरींच उरकतें. ऐन वापशाच्या वेळीं वांचलेला एक दिवस पुष्कळदां यंत्राच्या किंमतीहून अधिक मोलाचा ठरतो. मात्र तेंच यंत्र त्या दिवशीं बंद पडलें तर दिवसहि गेला आणि पैसाहि गेला. म्हणून असें यंत्र कोणाकडून व कसें घ्यावें, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

बलुतेपद्धतींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. लोहार व सुतार यांस मोबदला खळ्यावर, धान्यरूपानें, वर्षाचा वर्षास मिळे. त्यामुळें औत करून दिलें कीं काम संपलें असें होत नसे. फाळ पाजळणें, मोडतोड दुरुस्त करणें हेंहि बलुत्यांतच येई. काम नीट न झाल्यास खळ्यावर बोलण्यास जागा असे. त्या पद्धतींत जातीचें बंधन होतें व ती परत यावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु वस्तु हातीं दिल्यानें देणाराची जबाबदारी संपत नाहीं, हें तत्त्व तींत होतें. सांप्रत आपण सर्व पैसे आधीं मोजतों व चाकरीची गरज मागाहून पडते. पैसा दिल्यावर आपल्यापाशीं दोनच आधार उरतात : दुकानदाराची दानत आणि पावती.

दानत कशी ओळखावी? आमच्या मतें चांगला दुकानदार किंमत सांगण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. शेजारच्या गांवचे एक बागाईतदार वेल्डिंगचें यंत्र घेण्यास तालुक्यास गेले होते. दुकानदारानें विचारलें, “दादा, मीटरपासून शेड किती लांब? वायर केवढी जाड? सिंगल फेज कीं थ्री फेज?” अंतर फार व वायर बारीक असल्याचें कळतांच तो म्हणाला, “आधीं वायर बदला. नाहीं तर वायर तापेल, यंत्राला पुरता दाब मिळणार नाहीं, आणि तुम्ही यंत्राला नांवें ठेवाल.” त्या दिवशीं त्याची विक्री बुडाली. पुढें त्या गृहस्थांनीं यंत्र त्याच्याकडूनच घेतलें व भाऊबंदांसहि तेंच दुकान दाखविलें.

ग्राइंडरच्या दगडाविषयीं तर ही दक्षता जिवाशीं निगडित आहे. बाकावरच्या ग्राइंडरची मोटर बहुधा मिनिटास २८०० ते २९०० फेरे घेते; चार इंची हातग्राइंडर ११००० च्या आसपास घेतो. दगडावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असेल, तर दगड फुटून तुकडे अंगावर येण्याचा धोका असतो. जाणता दुकानदार दोन्ही आंकडे ताडून पाहतो. बाकावरच्या ग्राइंडरचा दगड टांगून लांकडी मुठीनें हळूच ठोकतो. स्वच्छ नाद आला तरच तो देतो, बद्द आवाज आला तर तडा समजून बाजूस काढतो. यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत.

गिऱ्हाइकानेंहि विचारावें : यंत्र चालवून दाखवाल काय? कार्बन ब्रश, बेअरिंग, स्विच हे सुटे भाग येथें मिळतील काय? दुरुस्ती येथेंच होईल कीं शहरास धाडावें लागेल, व किती दिवस मोडतील? या प्रश्नांस कंटाळणारा दुकानदार पुढें तक्रारीसहि कंटाळेल, हें उघड आहे.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. तोंडी कबुली किती टिकते, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. आमच्या परिचयाच्या एकानें थोडी सूट मिळते म्हणून विनापावती ड्रिल घेतलें. ज्येष्ठांत तें बंद पडलें, तेव्हां दुकानदारानें एवढेंच विचारलें, “हें आमच्याकडचें कशावरून?” यास्तव यंत्राचा अनुक्रमांक असलेली पावती आणि तारीख व शिक्का असलेलें वॉरंटीपत्र घेतल्यावांचून दुकानाची पायरी उतरूं नये.

कायदाहि पाठीशीं आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलांत आला. पावती न देणें, तसेंच सदोष माल पावतींतील मुदतींत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें, या त्यांत अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. स्वतः राबून उदरनिर्वाहाकरितां यंत्र वापरणाराहि ग्राहकच ठरतो. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांचे आंत करितां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी पडत नाहीं. तत्पूर्वीं १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करून तोडगा निघतो काय, तें पाहावें.

गिऱ्हाइकाचेंहि कर्तव्य आहेच. वॉरंटींतील यंत्र घरीं उघडूं नये, कमी दाबावर रेटूं नये, आणि आपल्या हयगयीचा दोष दुकानदाराच्या माथीं मारूं नये. प्रश्न विचारणाऱ्या, सुटे भाग बाळगणाऱ्या दुकानदारास चार पैसे अधिक पडले तरी ते वायां जात नाहींत.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. अशी खरेदी मृगाच्या तोंडावर घाईनें न करितां रब्बीची सुगी उरकतांच करावी व यंत्र लगेच कामास लावावें. दोष असलाच तर तो चैत्र-वैशाखांत उघडकीस येईल, आणि पेरणीपूर्वीं तो निस्तरून घेण्यास अवकाश राहील.