बातमी चटकदार की कामाची?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या विरारच्या शाळेत फजिती झाली. सकाळी मुलं वर्गात आली, तर नळाला पाण्याचा थेंब नाही! शिपाईमामा म्हणाले, "बाई, आज जलवाहिनीची दुरुस्ती आहे. कालच्या पेपरात आलं होतं की!"

मी कालचा पेपर काढला. पहिल्या पानावर एका नटाच्या घटस्फोटाची बातमी, फोटोसकट. ती मी अगदी चवीने वाचली होती. पाण्याची बातमी होती पाचव्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींत. ती नजरेतून सुटली. आणि पोरांना डबा खाऊन हात धुवायची सोय उरली नाही.

मग चौथीच्या मुलांना मी एक काम दिलं. आठवडाभराचे पेपर कापायचे आणि बातम्यांचे दोन ढीग करायचे. एक ढीग 'कळली नाही तर अडेल', दुसरा 'कळली नाही तरी चालेल'. एकाने लगेच विचारलं, "बाई, क्रिकेट कुठल्या ढिगात?" त्यावरून वर्गात अशी जुंपली म्हणता! फूटपट्टीने मोजलं तेव्हा दुसरा ढीगच मोठा भरला.

हे फक्त आपल्याच गावचं नाही हं. 2006 साली मुंबईत फॅशनचा मोठा सोहळा झाला. सुती कपड्यांचा थाट होता. तो टिपायला 512 पत्रकार! त्याच दिवसांत, विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात कापूस पिकवणारे शेतकरी कर्जापायी जीव देत होते. तिथे बाहेरून गेलेले पत्रकार जेमतेम अर्धा डझन. हा हिशेब मांडला पी. साईनाथ या पत्रकाराने. ते स्वतः वर्षानुवर्षं खेडोपाडी हिंडून लिहीत आले. 2007 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच 2006 च्या जुलैत हरियाणातल्या एका खेड्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरवेलमध्ये पडला. सुमारे 50 तास टीव्हीवाले ते थेट दाखवत होते. जवानांनी त्याला सुखरूप वर काढलं, तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण आपल्या गावातल्या उघड्या बोअरवेलचं तोंड कोणी बंद करायचं, तक्रार कुणाकडे करायची, हे किती जणांना कळलं? पुढेही मुलं पडतच राहिली. शेवटी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी नियम घालून दिले.

असं का होतं? पेपर आपल्याला चार-पाच रुपयांत मिळतो, पण तो छापायला त्याहून जास्त खर्च येतो. बाकीचे पैसे येतात जाहिरातींतून. जिथे जास्त लोक बघतात, तिथे जाहिरात जाते. आणि लोक बघतात चटकदार बातमी! म्हणजे नुसता पेपरवाल्यांना दोष देऊन कसं चालेल? घटस्फोटाची बातमी चवीने वाचणारी मीच होते ना!

पण मुलांनो, खळबळ उडवणारी प्रत्येक बातमी टाकाऊ नसते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. केवढी खळबळ माजली! न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि औषधांच्या खरेदीतले गैरप्रकार उजेडात आले. ही बातमी लोकांना कळायलाच हवी होती, कारण उद्या ते औषध कुणाच्याही घरात आलं असतं. नटाच्या घरातलं भांडण मात्र त्याच्या घरातलंच.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी पहिलं मराठी वृत्तपत्र सुरू केलं, त्याचं नाव 'दर्पण'. दर्पण म्हणजे आरसा. आरशात सगळा चेहरा दिसायला हवा, नुसती टिकली नव्हे.

तर या रविवारी आई-बाबांना घेऊन बसा. पेपरच्या बातम्यांचे दोन ढीग करा. मोबाईलवर आलेल्या बातम्याही मोजा. कामाची बातमी कोपऱ्यात दडलेली दिसली, तर संपादकांना पत्र लिहा. आमच्या चौथीने लिहिलंय. आणि हो, आता आमच्या वर्गात रोज सकाळी एक जण पाचवं पान वाचून दाखवतो. पाणी कधी जाणार, ते आम्हाला आदल्या दिवशीच कळतं!