जुन्या मोटारीची खरेदी : रोख रक्कम आणि कागदाची साक्ष

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या मोटारींविषयी एक निराळीच आत्मीयता आढळून येते. कृष्णाकाठच्या एखाद्या वाड्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली जीप, डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट किंवा लग्नकार्यात नवरदेवासाठी आवर्जून मागून आणली जाणारी अॅम्बॅसेडर ही दृश्ये या भागास नवी नाहीत. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. जी वाहने एकेकाळी केवळ जुनी म्हणून मोडीत निघत होती, त्यांना आता हौशी संग्राहक शोधू लागले असून त्यांच्या किमतीही वाढल्या आहेत.

किमती वाढल्या, तरी व्यवहाराची रीत मात्र बव्हंशी जुनीच राहिली आहे. बैठकीत किंमत ठरते, विसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवली जाते आणि उरलेले पैसे ठरल्या दिवशी पिशवीतून आणून मोजून दिले जातात. चहापान होते, किल्ल्या दिल्या जातात आणि गाडी मार्गस्थ होते. या रीतीमागे परस्परविश्वास आहे, याबद्दल शंका नाही. परंतु विश्वासाला कागदाची जोड नसेल, तर प्रामाणिक माणसेही कशी अडचणीत येतात, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण

समजा, कोरेगाव तालुक्यातील एका शिक्षकांनी तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराकडील १९७२ सालची जीप साडेतीन लाख रुपयांस घेण्याचे ठरविले. गुरुजींनी सर्व रक्कम रोख द्यावी, असा बागायतदारांचा आग्रह आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने रोखीच्या व्यवहारास आपल्याला कसलीच आडकाठी नाही, अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत बरोबर नाही.

आयकर अधिनियम, १९६१ यातील कलम २६९ एसटी १ एप्रिल २०१७ पासून अंमलात आले. त्यानुसार कोणत्याही व्यक्तीस दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई करण्यात आली. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमातही हे बंधन कायम ठेवण्यात आले आहे. ही मर्यादा तीन प्रकारे मोजली जाते : एका व्यक्तीकडून एका दिवसात मिळालेली एकूण रक्कम, एकाच व्यवहारापोटी मिळालेली रक्कम आणि एकाच प्रसंगानिमित्त एका व्यक्तीकडून मिळालेली रक्कम. म्हणजेच साडेतीन लाखांचे चार हप्ते करून ते चार निरनिराळ्या दिवशी रोख दिले, तरी व्यवहार एकच असल्याने नियमाचा भंग होतोच.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, यात दंडाची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर येते, आणि समर्थनीय कारण सिद्ध न झाल्यास हा दंड स्वीकारलेल्या रकमेइतका असू शकतो. आपल्या उदाहरणातील बागायतदारांना जीपही गेली आणि किमतीएवढा दंडही भरावा लागला, असा प्रसंग ओढवू शकेल. दुसरी अशी की, हे बंधन रक्कम स्वीकारण्याच्या पद्धतीवर आहे, विक्रेत्याचे उत्पन्न करपात्र आहे की नाही यावर नाही. त्यामुळे शेतकऱ्यांनाही ते लागू आहे.

यातून पळवाट म्हणून पावतीवर दीड लाख लिहावे आणि उरलेले पैसे तोंडी हिशेबाने द्यावेत, असा सल्ला कित्येकदा दिला जातो. तो मुळीच मानू नये. उद्या व्यवहार फिसकटला, तर न लिहिलेले दोन लाख आपण दिले होते, हे गुरुजी कशाच्या आधारे सिद्ध करणार?

रोखीचे अन्य धोके

दोन लाखांहून कमी रक्कम रोख देण्यास या कलमाचा अडथळा नाही. तथापि, तेथेही काळजी घ्यावी लागते. मोजणीत चूक होते, वाटेत चोरीचे भय असते आणि नोटांच्या गड्डीत बनावट नोट निघण्याचा संभव असतो. बँकेच्या खिडकीवर बनावट नोट आढळल्यास ती जप्त करण्यात येते आणि तिच्या बदल्यात काहीही मिळत नाही. एकाच भरण्यात अशा पाच किंवा अधिक नोटा निघाल्यास बँकेला पोलिसांत फिर्याद द्यावी लागते. त्यामुळे रोख देणे-घेणे अपरिहार्यच असेल, तर ते विक्रेत्याच्या बँकेच्या शाखेत करून रक्कम तेथेच खात्यात भरावी, हे उत्तम.

याहून सोपा मार्ग म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट रक्कम पाठविणे. एनईएफटी ही सेवा डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस ही डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध आहे. आरटीजीएसने किमान दोन लाख रुपये पाठविता येतात आणि रक्कम सहसा काही मिनिटांतच जमा होते. धनादेश किंवा धनाकर्ष द्यावयाचा असल्यास तो रेखांकित व केवळ खात्यात जमा होणारा असावा. बेअरर चेक या नियमाच्या दृष्टीने पुरेसा नाही. धनाकर्ष हाती पडला म्हणून विक्रेत्याने लगेच किल्ल्या देऊ नयेत. तो खरा असल्याची खात्री बँकेकडून प्रथम करून घ्यावी.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, त्यावर बोजा आहे काय याची चौकशी करतो आणि फेरफार झाल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. नोंदणी पुस्तक हा गाडीचा सातबाराच होय. पैसे देण्यापूर्वी त्यातील नाव समोरच्या विक्रेत्याचेच आहे काय, कर्जाचा बोजा नोंदलेला आहे काय आणि नोंदणीची मुदत शिल्लक आहे काय, हे पाहिले पाहिजे. खासगी गाडीच्या नोंदणीस १५ वर्षे झाल्यावर तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत दोन अडचणी वारंवार उद्भवतात. पहिली वारसाची. गाडी पुष्कळदा दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरच राहिलेली असते. अशा वेळी प्रथम नमुना ३१ भरून वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी आणि मगच विक्री करावी. दुसरी अडचण इंजिनाची. आपल्या भागातील अनेक पेट्रोल जीपना इंधनखर्च वाचविण्यासाठी पुढे डिझेल इंजिन बसविण्यात आले. या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झालेली नसेल, तर हस्तांतरणाच्या वेळी ती बाब निश्चितच आड येते.

इंजिनाचा प्रश्न किमतीशीही निगडित आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू आहे. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे ठेवण्यात आली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती वा इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते, नित्य वापरासाठी नाही. तेव्हा १९७२ सालची म्हणून जादा किंमत मागितली जात असेल, तर इंजिन मूळचे आहे काय, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावयास हवा.

पैसे आणि नाव एकाच वेळी

सर्वांत मोठी चूक घडते ती पैसे दिल्यानंतर. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेतल्या जातात आणि नाव बदलण्याचे काम 'सवडीने करू' म्हणून राहून जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत ती परिवहन कार्यालयास कळविणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. मिरज किंवा जत भागात सीमेपलीकडील कर्नाटकातील खरेदीदाराशी व्यवहार होतात. तेथे मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

ही दिरंगाई किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निर्णयावरून स्पष्ट होते. त्या प्रकरणातील गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघात घडल्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने ठरविले. गाडी विकून दोन वर्षे होत आली असतानाही त्या मालकाची सुटका झाली नाही.

म्हणून व्यवहाराच्या दिवशी पुढील क्रम पाळावा. दोन्ही पक्षांनी नमुने पूर्ण भरून सह्या कराव्यात, रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच मूळ कागद व किल्ल्या द्याव्यात. पावती दोन प्रतींत करून तीत अंकी व अक्षरी किंमत, रक्कम देण्याची पद्धत, आधी दिलेला विसार, गाडीचा, चासीचा व इंजिनाचा क्रमांक नमूद करावा. ताबा दिल्याची तारीखच नव्हे, तर वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी अपघात घडल्यास ती महत्त्वाची ठरते. पाच हजारांवरील रोख रकमेच्या पावतीस एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मात्र पावती किंवा नोटरीपुढील प्रतिज्ञापत्र म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे, याचा विसर पडू नये.

गावातील असे व्यवहार बहुधा सरपंच, शिक्षक किंवा एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याच्या साक्षीने होतात. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : पैसे कोणत्या मार्गाने दिले? आणि नाव केव्हा बदलणार? पावती मागितल्याने कोणाच्या शब्दाचा अवमान होत नाही. उलट, दिलेला शब्द तिच्यामुळेच पुढील पिढीपर्यंत शाबूत राहतो.