ईस्टर : रिकाम्या कबरीचा सण

चैत्री पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरकरांचे मन वाडी रत्नागिरीकडे धाव घेऊ लागते. सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो आणि 'चांगभलं'च्या गजराने आसमंत दुमदुमतो. पुष्कळदा त्याच सुमारास गावातील ख्रिस्ती घरांतही एका मोठ्या सणाची तयारी चाललेली असते. याला कारण आहे. ईस्टरची तिथीही चंद्रावरूनच ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पाठोपाठचा रविवार हा ईस्टर, असा चर्चचा जुना नियम आहे. २०२२ साली चैत्री पौर्णिमा १६ एप्रिलला होती आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर होता. अधिक मासाच्या फेऱ्यामुळे एखाद्या वर्षी दोहोंत महिन्याचे अंतर पडते, इतकेच.

नाताळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शेजारच्या घरातून केक आणि फराळ येतो, दारात चांदणी लटकते. ईस्टर मात्र त्या मानाने अपरिचित राहिला. वस्तुतः ख्रिस्ती धर्माचा पाया ईस्टरच होय. या नगरीत अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली आले. त्यांच्या नावाचे वायल्डर मेमोरियल चर्च आजही लोकांच्या तोंडी आहे. पण त्या मंदिरात ज्या श्रद्धेवर उपासना होते ती श्रद्धा नेमकी काय, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

कथा थोडक्यात अशी. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर खिळले गेले. अरिमथाईच्या योसेफ नावाच्या सज्जनाने देह मागून घेतला, खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला आणि तोंडाशी मोठी धोंड लोटली. शनिवार हा यहुद्यांचा विश्रामवार. त्या दिवशी काही करणे शक्य नव्हते. रविवारी उजाडताच काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या, त्या मृताच्या सेवेसाठी. पाहतात तो धोंड सरकलेली आणि कबर रिकामी. मग्दालिया मरीया बाहेर रडत उभी राहिली. समोर कोणी दिसला, त्याला ती बागेचा माळीच समजली. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. ज्या काळात स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते, त्या काळातली ही सर्वांत मोठी वार्ता प्रथम स्त्रियांच्या मुखातून बाहेर पडली. शिष्यांना ती आधी वेडगळ वाटली, हेही शुभवर्तमानकार लपवीत नाहीत.

याला 'पुनरुत्थान' म्हणतात. हा शब्द ऐकताच हिंदू वाचकाला पुनर्जन्म आठवणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही कल्पना अगदी भिन्न आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त सर्वज्ञात आहे. तेथे आत्मा देह टाकून नवा देह धारण करतो. टाकलेल्या देहाचे पुढे काही उरत नाही. ख्रिस्ती विश्वासात मात्र तोच मनुष्य, त्याच नावाने, देहासह उठतो. आणि सावित्रीने यमाच्या पाशातून सोडवून आणलेल्या सत्यवानाची गोष्ट? तीही वेगळीच. बायबलातही लाजर नावाच्या माणसाला येशूने कबरीतून परत बोलावल्याची कथा आहे. पण परतलेला माणूस पुन्हा म्हातारा होतो, पुन्हा मरतो. पुनरुत्थित ख्रिस्ताला पुन्हा मरण नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात यासाठी बियाण्याचा दाखला दिला आहे. मातीत दाणा पडतो, कुजल्यासारखा होतो आणि जे उगवते ते दाण्याहून कितीतरी निराळे, तरी त्याचेच असते. ज्याने पेरणी केली आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. त्याच पत्रात पौल निर्भीडपणे सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा सारा विश्वास व्यर्थ आहे. आपल्या धर्माचे सर्वस्व एकाच घटनेवर असे पणाला लावणारा आचार्य विरळाच.

येथे आम्हांस आपल्या महाभारतातील अश्वत्थामा आठवतो. तोही मरणाच्या पलीकडचा. पण मस्तकावरील मणी गेला, जखम भळभळत राहिली आणि ती घेऊन तो युगानुयुगे भटकतो. जखमेसाठी तेल मागत हिंडतो, असे आपल्या आजीबाई सांगत. त्याचे अमरत्व हा शाप आहे. ख्रिस्ताच्या उठलेल्या देहावरही जखमा आहेतच. शंकेखोर थोमाला त्याने खिळ्यांचे व्रण स्वतः दाखविले. व्रण पुसले गेले नाहीत, पण त्यांतील वेदना आणि सूडाची आग मात्र गेली. उठल्यावर तो पिलाताच्या वाड्यावर चालून गेला नाही. तो सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव करून मासे भाजीत बसला आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना त्याने न्याहारीला बोलावले! कोणत्याही धर्मग्रंथात इतका घरगुती प्रसंग क्वचितच सापडेल. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी त्याला दिवसभर ओळखले नाही. ओळखले ते भाकरी मोडताना. मराठी बायबलात तेथे 'भाकर' हाच शब्द आहे, त्यामुळे तो प्रसंग आपल्या चुलीपाशीच घडल्यासारखा वाटतो.

या श्रद्धेचा रोजच्या जगण्याशी संबंध येतो तो असा. ख्रिस्ती लोक शनिवार सोडून रविवारी उपासनेस जमतात, कारण प्रत्येक रविवार हा त्यांना लहानसा ईस्टरच असतो. (रविवार आपल्या जोतिबाचा आणि खंडोबाचाही वार. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून झगडताना नारायण मेघाजी लोखंडे यांनी खंडोबाच्या वाराचाच आधार घेतला आणि १८९० साली ती सुट्टी मिळाली.) देह उठणार, म्हणून देह तुच्छ नाही. १८९४ साली शेजारच्या मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले, त्यामागे ही दृष्टीही असावी, असे आम्हांस वाटते. आणि ज्या घरातून लेकरू गेले आहे त्या घरात तर हा सिद्धान्त पुस्तकात राहतच नाही. ख्रिस्ती माणूस मृताला 'निजलेला' म्हणतो. दफनभूमीसाठी युरोपीय भाषांत रूढ असलेल्या शब्दाचे ग्रीक मूळही 'निजण्याची जागा' असेच आहे. त्या आईचे डोळे कोरडे होतात असे नव्हे. येशूनेही लाजराच्या कबरीपाशी अश्रू ढाळले होते.

एक प्रश्न मात्र हिंदू मनात उठल्यावाचून राहत नाही. देहच उठणार, तर जाळलेल्या देहाचे काय? हा प्रश्न जुना आहे. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील लियों नगरीत ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून त्यांची राख रोन नदीत फेकण्यात आली. हेतू हाच की आता यांनी उठून दाखवावे. पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन करणाऱ्या आपल्याला त्यात विटंबना दिसणार नाही. तेथे ती विटंबनेसाठीच केली होती. पुढे त्याच नगरीचे धर्माध्यक्ष झालेल्या इरेनियसने देहाच्या पुनरुत्थानाचे सविस्तर मंडन केले. ज्याने मातीतून मनुष्य घडविला त्याला राखेतून तो उठविणे अवघड कसे, असा या विचाराचा रोख आहे. रोमन कॅथलिक चर्चने दहनास परवानगी दिली ती १९६३ साली.

आपल्या महाराष्ट्रात ते त्याआधीच घडले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अखेरपर्यंत मराठी मातीचाच राहिला. ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्प होता; 'ख्रिस्तायना'चे आरंभीचेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय लिहीत ते जवळजवळ शेवटास नेले. १९३६ साली त्याही गेल्या. अखेरचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला.