तलफेचा बदली कामगार

लोधिवलीच्या आसपास, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांस आणि पाताळगंगेच्या काठाने जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या फाटकावरचा एक नियम सर्वत्र सारखा आहे. मालक कोण, माल कोणता, पगार किती, ह्यांत हवे तेवढे अंतर असेल. पण आत शिरताना काडेपेटी, लायटर आणि विडीचे बंडल पहारेकऱ्याजवळ ठेवावयाचे, ह्यात अंतर नाही. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स रसायनीस आली, पुढे पाताळगंगेच्या काठी खाजगी कारखाने आले, आणि भाताच्या खाचरातून आलेल्या माणसाची गाठ सॉल्व्हंटच्या टाक्यांशी पडली. जिथे हवेतील वाफसुद्धा पेट घेते, तिथे विडी ओढू देणे म्हणजे साऱ्या पाळीची चिता रचणे होय. ह्या नियमाविरुद्ध आमची संघटना कधी बोलली नाही आणि बोलणारही नाही.

परंतु एक प्रश्न उरतो. ज्या माणसास दिवसाकाठी दोन बंडले लागत, तो फाटकाच्या आत आठ तास विडीवाचून राहिला कसा? ह्याचे उत्तर कारखान्याच्या भिंतींवर लाल रंगात उमटलेले आहे. त्याने तंबाखू मळली. खिशात विडीच्या जागी चुन्याची डबी आली. कित्येकांस हा पालट आठवडाभरातच अंगवळणी पडला. इतका, की सुटी झाल्यावरही त्यांना विडीची आठवण होईना. उलट त्याच पाळीतील, त्याच गावचे दुसरे काही जण चिमूट गालात धरूनही बेचैन राहिले, आणि रात्री दोनच्या सुमारास भिंतीआड काडी ओढताना सापडले. अशा माणसांची आरोपपत्रे आम्ही हातांत घेतली आहेत. एकाची तर अठरा वर्षांची नोकरी एका विडीपायी गेली. चौकशी अधिकारी त्याला पुनःपुन्हा विचारीत होते, ‘बाकीचे राहू शकतात, मग तुम्हालाच का राहवत नाही?’ प्रश्न रागाने विचारलेला होता, पण प्रश्न म्हणून तो खरा होता. आज विलायतेतील डॉक्टर हाच प्रश्न विडीऐवजी सिगारेट आणि तंबाखूऐवजी वाफेची ई-सिगारेट घेऊन विचारीत आहेत : एकावरून दुसरीवर जाणे काहींना सोपे का जाते आणि काहींना का जात नाही?

जाता जाता एक गंमत नोंदवतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातील ३७ व्या कलमाने जिथे स्फोटक वाफ वा धूळ आहे तिथे ठिणगीस बंदी केली. आणि त्याच कायद्याच्या २० व्या कलमाने प्रत्येक कारखान्यात पुरेशा थुंकदाण्या ठेवण्याची सक्ती केली, शिवाय इतरत्र थुंकणाऱ्यास पाच रुपयांपर्यंत दंड सांगितला. म्हणजे विडीस दार बंद आणि तंबाखूस पिकदाणीसकट आमंत्रण! कायदा करणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते हे उघड आहे. पण कामगार कोणत्या वाटेने जाईल हे त्या दोन कलमांतच लिहिलेले होते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. रसायनशास्त्राशी आमची ओळख झाली ती पिंपांवरच्या धोक्याच्या चिठ्ठ्या वाचून. म्हणून जे सांगावयाचे ते कारखान्याच्याच भाषेत सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असे. कायमचा माणूस गैरहजर राहिला की फाटकावर ताटकळणाऱ्या बदलीवाल्यास मुकादम आत घेई. मुकादमास माणसाशी कर्तव्य नसे. साचा चालू राहिला म्हणजे झाले. मेंदूतली तलफ ही अशीच मुकादम आहे. तिला विडीही नको असते आणि तंबाखूही नको असते. तिला निकोटीन हवे असते. ते कोणी आणून दिले ह्याची चौकशी ती करीत नाही. मात्र ते किती आले आणि किती वेगाने आले, एवढे ती काटेकोर तपासते. बदलीवाला खपेल की नाही हे त्या तपासणीवर ठरते.

वेगाचा हिशेब असा. धूर छातीत ओढला की निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि तेथून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. गालातल्या चिमटीचे निकोटीन पोहोचावयास काही मिनिटे घेते आणि त्याचा जोर चढावयास अर्धा तास लागतो. पण एकदा चढले की ते बराच वेळ टिकते. येथे चुन्याचे काम काय, असे कोणी विचारील. चुना ही केवळ चव नव्हे. त्याच्या क्षारामुळे निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून पार जाऊ शकते. हे आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रयोगशाळेवाचून शोधून काढले. शोध चांगल्या कामी लागला असे आम्ही म्हणत नाही.

तेव्हा ज्याला दिवसभर सावकाश, सारखी राहणारी पातळी पुरते, त्याला विडीवरून तंबाखूवर जाणे सोपे. ज्याला तो पहिल्या झुरक्याचा झटका हवा असतो, त्याला चिमूट म्हणजे भुकेल्यास पाणी दिल्यासारखे. माणूस कोणत्या जातीचा हे ओळखण्याची एक साधी खूण डॉक्टरांनी सांगितली आहे : उठल्यापासून पहिली विडी किती वेळाने पेटते? अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर पकड घट्ट समजावी. पाच मिनिटांच्या आत असेल तर फारच घट्ट. दिवसाला किती ओढतो ह्यापेक्षाही ही खूण पुष्कळदा जास्त बोलते.

दुसरे कारण यकृतात आहे. शरीरात आलेले निकोटीन यकृत मोडून टाकते. साधारणपणे दोन तासांत ते निम्मे होते, पण हे काम काहींचे यकृत झपाट्याने करते तर काहींचे रेंगाळत. आणि हा फरक पुष्कळसा जन्मजात असतो. ज्याचे यकृत सावकाश आहे त्याच्या रक्तात एका विडीचे निकोटीन जास्त वेळ राहते. तो मुळातच कमी ओढतो आणि सोडावयास निघाला तर त्याला तुलनेने कमी त्रास होतो. झपाट्याच्या यकृतवाल्याची टाकी गळकी असते, ती पुनःपुन्हा भरावी लागते. बाहेरून पाहणारा पहिल्यास निग्रही म्हणतो आणि दुसऱ्यास नादान. त्या चौकशी अधिकाऱ्यास हे तेव्हा कोणी सांगावयास हवे होते.

तिसरी गोष्ट स्वतः विडीचीच. विडीत तंबाखू सिगारेटीच्या मानाने कितीतरी कमी. पण तेंदूच्या पानातून हवा आत जात नाही, त्यामुळे सारखी ओढत राहिले नाही तर विडी विझते. म्हणून विडीवाला जास्त वेळा आणि जास्त खोल ओढतो, आणि छातीत डांबर व विषारी वायू सिगारेटीहून कमी नव्हे, जास्तच घेतो. ज्या माणसाच्या हाताला, ओठाला आणि श्वासाला ह्या खोल ओढीची वर्षानुवर्षे सवय, त्याला गालातली गोळी अपुरी वाटते यात नवल नाही. ई-सिगारेटने विलायतेत बाजी मारली ती येथेच. हात तोंडाकडे जातो, ओढ घेतली जाते, काहीतरी पांढरे बाहेर पडते. निकोटीन मिसळलेला द्रव तारेने तापवून त्याची वाफ केलेली असते, जळत मात्र काहीच नाही. पहिली यंत्रे कमजोर होती. जुना, भरपूर ओढणारा माणूस ती दोन दिवसांत कोनाड्यात टाकी. पुढे निकोटीनमध्ये आम्ल मिसळून घशाला न खवखवणारी, भराभर चढणारी यंत्रे २०१५ च्या सुमारास अमेरिकेत आली. तेव्हा बदलीवाला कायम कामगाराच्या तोडीचा झाला. पण जी गोष्ट जुन्या ओढणाऱ्यास सोपी झाली तीच कधीही न ओढलेल्या शाळकरी मुलासही सोपी झाली, आणि २०१८ साली तेथील सरकारी वैद्यकीय प्रमुखांना ह्या मुलांतील प्रसाराला साथ म्हणावे लागले.

इंग्लंडात सरकारी केंद्रांतून ८८६ ओढणाऱ्यांवर एक तपासणी झाली; तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींना ई-सिगारेट दिली, काहींना निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगम, आणि दोघांनाही समुपदेशन. वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी शेकडा १८ जणांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात शेकडा ९.९ जणांची. जवळजवळ दुप्पट, तेव्हा साधनाचा गुण नाकारता येत नाही. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. शंभरांतील ब्याऐंशींना तेही जमले नाही. आणि जे सुटले त्यांच्यातील शेकडा ८० वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. बदलीवाला कायम झाला होता.

आपल्या देशात हा मार्ग २०१९ च्या कायद्याने बंद आहे. ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा, जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. चोरट्या मार्गाने येणाऱ्या यंत्रांत काय भरले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. तेव्हा ‘वेप घेऊ का?’ असे तरुण कामगार विचारतात त्यांस आम्ही नको म्हणतो. मात्र ह्या प्रश्नाने महाराष्ट्रात फारसे भांडण करण्याचे कारण नाही, कारण आपला बदल आधीच होऊन गेला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ निघाले आणि धुराविना तंबाखू घेणारे शेकडा २४.४. मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबहिणी ह्याच दुसऱ्या आकड्यात आहेत. स्वीडनमध्येही पुरुषांनी सिगारेटवरून ओठाखालच्या तंबाखूकडे मोर्चा वळवला आणि तेथे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला, असा दाखला कोणी देतात. तो दाखला येथे चालत नाही. त्यांची तंबाखू वाफवलेली, घातक द्रव्ये कमी राखलेली असते. आपल्या पुडीत चुना, पुष्कळदा सुपारी, आणि तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये भरपूर असतात. विडीने छाती जाते म्हणून विडी सोडली आणि तोंड गमावले, अशी माणसे आमच्या सभासदांत आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; सुट्या तंबाखूची पुडी मात्र टपरीवर मिळते.

म्हणून जे सोपे गेले ते बरे झाले, असे समजू नये. ज्यांना बदल सोपा गेला त्यांनी निदान एवढे करावे : आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का पाहावे, आणि गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा वा लाल डाग आहे का तपासावे. बोटे जात नसतील किंवा डाग दिसला तर दंतवैद्याकडे जाण्यास पगाराची वाट पाहू नये.

आणि ज्यांना अवघड गेले त्यांचे काय? त्यांना उपदेश पुष्कळ मिळाला आहे. आमच्या अनुभवात उपदेशापेक्षा पाळीचे वेळापत्रक जास्त कामास आले. तंबाखू वा विडी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप न लागणे, पोट साफ न होणे. ह्या पोटाच्या तक्रारीपायी सकाळी पुन्हा चिमूट घेणारे आम्ही ढिगाने पाहिले. त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. ह्या काळात माणसास रात्रपाळी दिली तर तो हमखास परततो, कारण रात्री तीन वाजता जागे राहण्याचे औषध त्याला दुसरे ठाऊक नसते. म्हणून सोडणाऱ्यास पहिला महिना दिवसपाळी द्यावी, आणि कारखान्याच्या दवाखान्यात निकोटीनचे च्युइंगम मोफत ठेवावे, अशा दोन मागण्या आम्ही मागणीपत्रात घातल्या. बोनसच्या आकड्यावर चार बैठका झाल्या. ह्या दोन मागण्यांवर व्यवस्थापन हसले आणि दहा मिनिटांत कबूल झाले. कंत्राटी कामगारांस त्या लागू करण्याचे भांडण अजून चालू आहे, आणि तंबाखू सर्वांत जास्त तेच खातात.

च्युइंगमविषयी एक तपशील सांगणे भाग आहे, कारण निम्मे लोक ते चुकीचे वापरतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकून देतात. हे दोन मिलिग्रॅमचे आणि चार मिलिग्रॅमचे मिळते. अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी पेटवणाऱ्यास सहसा चारचे लागते, पण ते डॉक्टरांस विचारून घ्यावे. फारच घट्ट पकड असणाऱ्यास डॉक्टर गोळ्याही देऊ शकतात. पुडीवर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा फुकट सल्ल्याचा दूरध्वनी छापलेला असतो; त्याचे मुंबईचे केंद्र टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. च्युइंगम मुलांच्या गोळीसारखे भराभर चावावयाचे नाही. तसे केले तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, मळमळते आणि मेंदूपर्यंत थोडेच पोहोचते. चार-सहा वेळा चावावे, जिभेला चरचर लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे, चरचर गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास. त्या आधी पाव तास कॉफी वा आंबट पेय घेऊ नये, कारण आंबटाने निकोटीन गालातून शिरत नाही. चुन्याच्या नेमके उलट. चिमूट गालात धरण्याची ज्याला सवय आहे त्यास ही रीत पहिल्याच दिवशी जमते. विडीवाल्यास ती दोन-तीन वेळा करून दाखवावी लागते.